गुडघे टेकून बसलेला तो माणूस कोण? युरोपच्या धर्मचित्रांतले दाते ओळखताना

युरोपातल्या जुन्या धर्मचित्रांत बरेचदा एक माणूस भलत्याच काळातला असतो. येशूचा जन्म झालाय, मेंढपाळ धावत आलेत, देवदूत उतरलेत, आणि बाजूला पंधराव्या शतकातला एक बँकवाला गडद झगा घालून, हात जोडून गुडघ्यांवर बसलाय. मागे त्याची मुलं. हा माणूस बायबलमध्ये कुठेच नाही. चित्राचे पैसे त्याने दिले, म्हणून तो तिथे आहे. अशा माणसाला कलेच्या इतिहासात ‘दाता’ म्हणतात.

चर्चमध्ये किंवा संग्रहालयात नव्याने जाणारे आपण बहुतेक जण मरियामातेकडे आणि बाळाकडे बघतो आणि पुढे सरकतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की दात्यापाशी थांबा. त्याला देवाच्या किती जवळ बसू दिलंय, कुठल्या बाजूला, कुणाच्या ओळखीने, हे बघायला लागलात की ते चित्र कुणीतरी कशासाठी तरी करवून घेतलेलं काम म्हणून उलगडू लागतं. त्यासाठी लॅटिन यावं लागत नाही, ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यासही लागत नाही. कुठे बघायचं ते ठाऊक हवं.

आधी एवढं माहीत असू द्या

मध्ययुगातल्या कॅथलिक समजुतीप्रमाणे बहुतेक आत्मे मेल्यावर थेट स्वर्गात जात नाहीत. आधी शुद्धिस्थानात पापांचं प्रायश्चित्त भोगावं लागतं. लिओंच्या १२७४ च्या धर्मपरिषदेने ही शिकवण अधिकृतपणे मांडली. मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केल्या, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हटल्या, दानधर्म केला, तर तिथला मुक्काम कमी होतो. त्यामुळे ज्याच्याकडे पैसा होता तो चर्चला वेदी देई, वेदीसाठी चित्र देई आणि तिथे आपल्या नावाने कायम मिस्सा व्हावी म्हणून उत्पन्नाची सोय करून ठेवी. आपल्याकडे देवळातल्या पंख्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहितात, त्याच्या जवळचीच ही भावना. फरक इतकाच की इथे नुसती आठवण पुरत नसे. समोर आलेल्याने आपल्यासाठी प्रार्थना करावी ही दात्याची गरज होती, आणि चेहरा समोर असला की ती मागणी कुणाला विसरता येत नसे.

व्याजाने पैसे देणं हे पाप मानलं जाई, म्हणून सावकारांना ही काळजी जास्त. पादुआ शहरात एन्रिको स्क्रोवेन्यी याने बांधलेल्या चॅपेलची (छोट्या प्रार्थनागृहाची) प्रतिष्ठापना २५ मार्च १३०५ रोजी झाली. भिंती रंगवल्या जोत्तोने. एन्रिकोचा बाप रेजिनाल्दो सावकारीसाठी इतका बदनाम होता की दान्तेने आपल्या काव्यातल्या नरकात व्याजखोरांमध्ये त्याला बसवलं. आत जाऊन दाराच्या भिंतीवरचं ‘अंतिम न्याया’चं, म्हणजे जगाच्या शेवटी येशू सगळ्यांचा निवाडा करतो त्या प्रसंगाचं, चित्र बघा. खाली एन्रिको जांभळ्या वेषात गुडघे टेकून चॅपेलची छोटी प्रतिकृती तीन पवित्र व्यक्तींपुढे धरतोय. तो तारल्या गेलेल्यांच्या बाजूला आहे. त्याच भिंतीवर नरकाच्या बाजूला व्याजखोर आपल्याच पैशांच्या थैल्यांच्या दोऱ्यांना लटकलेले आहेत. एका भिंतीवर दोन्ही दाखवायचं धाडस करणाऱ्या माणसाला किती भीती वाटत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

पहिली पायरी : दाता शोधा

खुणा सोप्या आहेत. गुडघे टेकलेले, हात जोडलेले, चेहरा बाजूने किंवा तीनचतुर्थांश वळलेला. कपडे चित्रकाराच्या काळातले: लोकरीचा कातडी काठाचा झगा, कमरेला पट्टा, बायकांच्या डोक्यावर पांढरं फडकं किंवा त्या वर्षांतली टोपी. संत मात्र जुन्या पद्धतीच्या सैल वस्त्रांत किंवा धर्मगुरूच्या जरीच्या पोशाखात असतात आणि त्यांच्या डोक्यामागे बहुधा तेजोवलय असतं. दात्याला ते सहसा नसतं.

दुसरी खूण चेहऱ्याची. संतांचे चेहरे नीटनेटके, ठरावीक साच्याचे. दात्याला चामखीळ असते, सुरकुत्या असतात, ओठ बारीक असतात. अख्ख्या चित्रात एखादाच चेहरा रस्त्यात भेटला तर ओळखू येईल असा वाटला, तर तोच बहुधा दाता.

हातात इमारतीची प्रतिकृती असेल, तर त्याने चित्रच नव्हे, अख्खी वास्तू दिली आहे. ही रीत फार जुनी. इटलीतल्या राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चची प्रतिष्ठापना इ.स. ५४७ मधली. तिथल्या मोझेकमध्ये, म्हणजे रंगीत खडे बसवून केलेल्या चित्रात, बिशप एक्लेसियस चर्चची प्रतिकृती येशूपुढे धरून उभा आहे. बांधकामाचा प्रत्यक्ष खर्च केला युलियानुस नावाच्या सराफाने. परंपरेने नोंदलेला आकडा आहे २६,००० सोन्याच्या नाण्यांचा. प्रतिकृती मात्र बिशपच्या हातात आहे.

दुसरी पायरी : डावं-उजवं

इथे नवखे हमखास अडखळतात. मानाची बाजू म्हणजे मध्यभागी बसलेल्या मरियामातेची किंवा येशूची उजवी बाजू. आपण समोर उभे असल्यामुळे ती आपल्या डावीकडे येते. अंतिम न्यायाच्या चित्रात तारले गेलेले तिकडेच असतात. नवरा-बायको दोघं असतील तर नवरा आपल्या डावीकडे आणि बायको उजवीकडे. मुलगे बापामागे, मुली आईमागे.

हा नियम पाठ करा, आणि मग तो कुठे मोडलाय ते शोधा. चित्र बहुतेक वेळा तिथेच बोलू लागतं. ऊर्बिनोचा सरदार फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो याचं पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने सुमारे १४७२-७४ मध्ये काढलेलं वेदीचित्र मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. फेदेरिको चिलखतात, पण आपल्या उजवीकडे गुडघे टेकून आहे, म्हणजे मानाच्या बाजूला नाही. त्याचा उजवा डोळा द्वंद्वाच्या खेळात गेला होता आणि चित्रांत तो नेहमी डावी बाजूच दाखवी. शिवाय त्याची बायको बात्तिस्ता १४७२ मध्ये वारली होती. तिच्या नावाचा संत, बाप्तिस्मा करणारा योहान, डावीकडे उभा आहे, आणि त्याच्यापुढे जिथे कुणीतरी गुडघे टेकून असायला हवं ती जागा रिकामी आहे.

जोडफलकांत, म्हणजे पुस्तकासारख्या मिटणाऱ्या दोन फळ्यांच्या चित्रांत, मरियामाता बहुधा आपल्या डाव्या फळीवर आणि दाता उजव्या फळीवर असतो. कारण तेच: तिच्या बाजूने मोजलं तर मानाची जागा तिची राहते. याला अपवाद आहेत. फूकेने सुमारे १४५२ मध्ये काढलेल्या फ्रान्सच्या एत्येन शेवालियेच्या जोडफलकात दाता डावीकडे आहे. (त्या जोडीची आज ताटातूट झालीय. शेवालिये बर्लिनमध्ये आणि मरियामाता अँटवर्पमध्ये.)

तिसरी पायरी : आकार आणि सीमारेषा

जुन्या चित्रांत दाता अगदी लहान असतो, मरियामातेच्या पायाशी वीतभर. पुढे तो वाढत जातो. फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये मासाच्चोने १४२५-२७ च्या सुमारास काढलेल्या ‘त्रैक्या’च्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) भित्तिचित्रात दाते माणसाच्या खऱ्या मापाचे आहेत. पण ते कुठे बसलेत ते बघा. चित्रात एक कमानीचा महाल रंगवलाय. क्रूस, मरिया, योहान हे त्याच्या आत आहेत. दाते खांबांच्या बाहेर, एक पायरी खाली आहेत. आकार मिळाला, पण उंबरठ्याच्या आत प्रवेश मिळाला नाही. त्यांच्याही खाली एक सांगाडा आहे आणि त्यावर अक्षरं आहेत: तुम्ही आज जे आहात ते मी होतो, मी आज जो आहे ते तुम्ही व्हाल.

तेव्हा फक्त उंची मोजू नका. मधे पायरी आहे का, खांब आहे का, चौकट आहे का, फळी बदलते का, हेही बघा. ही सीमारेषा शोधणं हे या सगळ्या कामाचं मर्म आहे असं मला वाटतं.

आता लूव्ह्रमधलं यान व्हॅन आयकचं सुमारे १४३५ चं चित्र घ्या. दाता निकोला रोलँ हा बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी. तो मरियामातेच्या थेट समोर, त्याच खोलीत, तिच्याच मापाचा, मानाच्या बाजूला बसलाय. मधे कुणी संत नाही. त्याला तिच्यापुढे आणणारं कुणीच नाही. दोघांमध्ये फक्त फरशी, आणि मागच्या कमानींतून दिसणारी नदी आणि पूल. चित्र जेमतेम ६६ सेंटिमीटर उंचीचं आहे, आणि तरी त्या मोकळ्या फरशीवर नजर टेकली की या माणसाचा अधिकार अंगावर येतो.

काळाबरोबर दाते सरळ रेषेत मोठे होत गेले असंही समजू नका. ह्यूगो व्हॅन डर गूसच्या सुमारे १४७५ च्या पोर्तिनारी वेदीचित्रात, म्हणजे रोलँनंतर चाळीसएक वर्षांनी, संत प्रचंड आहेत आणि दाता व त्याची मुलं त्यांच्यापुढे खुजी दिसतात. चित्रकाराला काय म्हणायचंय त्याप्रमाणे आकार ठरतो.

चौथी पायरी : पाठीशी कोण उभं आहे?

दात्यामागे बहुधा एक संत उभा असतो. कधी खांद्यावर हात ठेवून, कधी टोपी उचलून. तो दात्याची शिफारस करत असतो. दात्याचं नाव ज्या संतावरून ठेवलेलं असतं बहुधा तोच हा संत, म्हणून संत ओळखता आला की नावाचा निम्मा शोध लागतो.

थोड्या खुणा लक्षात ठेवल्या तरी भागतं. पेत्राकडे किल्ल्या, कॅथरिनकडे मोडकं चाक, बार्बराकडे बुरूज, जॉर्ज चिलखतात, सेबॅस्टियनच्या अंगात बाण, लॉरेन्सजवळ लोखंडी जाळी, स्टीफनजवळ दगड, मॅग्डालीनकडे सुगंधी द्रव्याची बरणी, मार्गारेटच्या पायाशी राक्षसी सर्प, जेरोमजवळ सिंह, अँथनीजवळ घंटा आणि डुक्कर. फूकेच्या चित्रात शेवालियेचं नाव एत्येन, म्हणजे स्टीफन. मागचा संत हातातल्या पुस्तकावर एक टोकदार दगड घेऊन उभा आहे. पोर्तिनारी वेदीचित्रात दाता तोमासो पोर्तिनारीसाठी थॉमस, बायको मारियासाठी मॅग्डालीन, मुलगी मार्गेरितासाठी मार्गारेट.

राजाला एक संत पुरत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या विल्टन जोडफलकात (सुमारे १३९५-९९) दुसऱ्या रिचर्डमागे तिघे आहेत: बाप्तिस्मा करणारा योहान आणि इंग्लंडचे दोन संत-राजे, एडवर्ड आणि एडमंड. समोरच्या फळीवरच्या अकराही देवदूतांच्या छातीवर पांढऱ्या हरणाचं पदक आहे. ते पदक रिचर्डच्या माणसांचं. स्वर्गातले दूतसुद्धा त्याच्या पक्षाचे.

पाचवी पायरी : नाव शोधा

कुलचिन्ह खिडकीच्या काचेत, चौकटीवर, गालिच्यावर किंवा खांबाच्या डोक्यावर असतं. रंग आणि आकृती टिपून ठेवा. रोलँच्या ढालीवर निळ्या जमिनीवर तीन सोनेरी किल्ल्या आहेत. फ्रान्समधल्या बोन गावच्या रुग्णालयात त्या किल्ल्या दिसल्या की हा तोच माणूस हे कळतं.

चौकटीवरची लॅटिन अक्षरं सोडू नका. नेहमीची वाक्यं मोजकीच आहेत. ‘होक ओपुस फिएरी फेचित’ म्हणजे हे काम अमक्याने करवून घेतलं. ‘ओराते प्रो आनिमा’ म्हणजे अमक्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. ‘एताटिस’ नंतर आकडा असला तर ते वय. ब्रुजच्या सिंट यान रुग्णालयातल्या संग्रहालयात मेमलिंगने काढलेला मार्टेन व्हॅन न्यूवेनहोव्हचा जोडफलक आहे. चौकटीवर नाव, १४८७ साल आणि वय २३. खिडकीच्या काचेत संत मार्टिन आपला अंगरखा कापून भिकाऱ्याला देतोय, आणि कुलचिन्हही आहे. मरियामातेच्या मागे एक गोल फुगीर आरसा आहे. त्यात बारकाईने बघा: दोघं पाठमोरे, एकाच खोलीत शेजारी शेजारी. फळ्या दोन असल्या तरी चित्रकाराने आरशात त्यांची एकच खोली केली. प्रत्यक्ष समोर उभं राहिल्यावर तो आरसा पटकन दिसत नाही, म्हणून मुद्दाम शोधा.

सहावी पायरी : चित्र मिटलेलं असताना बघा

आज संग्रहालयांत वेदीचित्रं कायम उघडी ठेवतात. त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. या चित्रांना कपाटासारख्या झडपा असत आणि एरवीच्या दिवशी त्या मिटलेल्या असत. दाते बरेचदा झडपांच्या बाहेरच्या अंगावर, म्हणजे लोकांना रोज दिसतील असे. आतलं झगझगीत दृश्य सणासुदीला.

गेंटच्या सिंट बाफ कॅथीड्रलमधलं व्हॅन आयक बंधूंचं वेदीचित्र १४३२ चं. झडपा मिटल्या की खालच्या ओळीत दोन टोकांना दाता योडोकुस व्हाइड आणि त्याची बायको एलिझाबेथ बोरल्युट, आणि मधे दोन योहान: बाप्तिस्मा करणारा आणि बायबलमधलं शुभवर्तमान लिहिणारा. योहान दगडी पुतळ्यांसारखे करड्या रंगात आहेत आणि नवरा-बायको पूर्ण रंगात, लाल वस्त्रांत. जिवंत माणसं दगडी संतांपुढे हात जोडून आहेत. त्यांना मूलबाळ नव्हतं. मागे प्रार्थना करायला घरचं कुणी राहणार नाही, म्हणून १४३५ मध्ये त्यांनी त्या वेदीवर रोजच्या मिस्सेची सोय करून ठेवली. हे कळल्यावर व्हाइडचे पाणावल्यासारखे डोळे मला वेगळे दिसायला लागले.

बोनलाही असंच. रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ यांनी ४ ऑगस्ट १४४३ च्या दस्ताने गरिबांसाठी रुग्णालय काढलं. इथली धनसंपत्ती देऊन स्वर्गातली मिळवावी असा हेतू त्या दस्तात सरळ लिहिलाय. रोगिर व्हॅन डर वाइडनने काढलेलं अंतिम न्यायाचं मोठं चित्र रुग्णांच्या दालनाच्या टोकाला, चॅपेलमध्ये होतं. झडपा मिटल्या की रोलँ आणि गिगोन गुडघ्यांवर, समोर करड्या रंगातले सेबॅस्टियन आणि अँथनी. दोघेही आजारात ज्यांचा धावा करत असे संत, आणि खाटेवरून बघणारे सगळे आजारी. दात्यांनी प्रार्थना कुणाकडून मागितली, हे इथे स्पष्ट दिसतं.

म्हणून कुठल्याही दात्याच्या चित्रापाशी गेलात की विचारा: हे आधी कुठे होतं, आणि मिटल्यावर कसं दिसे? संग्रहालयात शक्य असेल तिथे मागच्या बाजूने फिरून या.

सातवी पायरी : एका चित्रापाशी बराच वेळ थांबा

इतकं झालं की एक चित्र निवडा आणि सावकाश बघा. सुरुवात करणाऱ्याला मी ब्रुजच्या ग्रोनिंग संग्रहालयातलं व्हॅन आयकने काढलेलं कॅनन (चर्चच्या मंडळातले धर्मगुरू) व्हॅन डर पाले यांचं चित्र सुचवेन. चौकटीवरच्या मजकुरावरून दिसतं की योरिस व्हॅन डर पाले यांनी १४३४ मध्ये धर्मगुरूंच्या दोन नेमणुकांसाठी देणगी दिली आणि चित्र १४३६ मध्ये पूर्ण झालं. ज्या सिंट डोनास चर्चसाठी ते केलं, ते आता नाही. फ्रेंच राजवटीत ते पाडलं गेलं.

मधे मरियामाता आणि हातात पोपट घेतलेला बाळ येशू. आपल्या डावीकडे, मानाच्या जागी, निळ्या जरीच्या वस्त्रांत संत डोनाशियन. त्याच्या हातात मेणबत्त्या लावलेलं चाक. तो चर्चचा संत, म्हणून मानाची जागा त्याला. दाता उजवीकडे, पांढऱ्या झग्यात, आणि मागे त्याच्या नावाचा संत जॉर्ज, शिरस्त्राण उचलून त्याची ओळख करून देतोय.

आता कॅननकडे बघा. वय झालेलं, गाल ओघळलेले, डोळ्यांच्या कडा जड, कानशिलाजवळ शिरा फुगलेल्या. पुढे डॉक्टरांनी त्या शिरांवरून रोगनिदान करायचा प्रयत्न केलाय, इतकं ते बारीक आहे. हातात प्रार्थनेचं पुस्तक आणि चष्मा. चष्म्याची काच ओळींवर धरली आहे आणि काचेखालची अक्षरं वाकडी होऊन दिसतात. म्हणजे क्षणापूर्वी तो वाचत होता. आता त्याने नजर उचललीय, पण ती मरियामातेवर टेकत नाही, बाळावरही नाही. ती कुठेतरी अधांतरी आहे. समोरचं दृश्य त्याला डोळ्यांनी दिसतंय की वाचता वाचता मनात उमटलंय, हा प्रश्न तिथे उभा राहतो. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. ही सगळी दरबारी मांडणी त्या पुस्तकातून उठलेली आहे.

खाली जा. जॉर्जचा पाय कॅननच्या झग्याच्या काठावर पडलाय. झग्यावर जॉर्जची सावली आहे. संताला सावली आहे, वजन आहे. चिलखतात मरियामातेच्या लाल वस्त्राचं प्रतिबिंब, आणि पाठीवरच्या ढालीत एक छोटी उभी आकृती, बहुतेक खुद्द चित्रकार. एवढ्या एका कोपऱ्यात पंधरा मिनिटं सहज जातात, आणि जाऊ द्यावीत.

आठवी पायरी : घरची माणसं आणि नंतरच्या दुरुस्त्या

दात्यामागची मुलं मोजा. ब्रुजचा नगराध्यक्ष विलेम मोरेल आणि त्याची बायको बार्बरा यांच्या मेमलिंगकृत वेदीचित्रात (१४८४) पाच मुलगे आणि अकरा मुली आहेत, आणि त्यांतली काही मुलं चित्र झाल्यावर जागा करून बसवलेली. नेदरलँड्स आणि जर्मनीकडच्या पुढच्या काळातल्या चित्रांत एखाद्या मुलाच्या डोक्यावर किंवा हातात बारीक क्रूस दिसला, तर ते मूल तोवर गेलेलं असतं. ही खूण एकदा कळली की पुढे नजर आपोआप आधी तिकडे जाते.

बाझेलचा माजी नगराध्यक्ष याकोब मायर याच्यासाठी होल्बाइनने १५२६ मध्ये चित्र काढलं आणि १५२८ च्या सुमारास त्यात बदल केले. आपल्या उजवीकडे तीन बायका आहेत. मरियामातेच्या सर्वांत जवळ, हनुवटी फडक्याने झाकलेली, ती पहिली बायको मॅग्डालेना, १५११ मध्ये वारलेली. तिला मागाहून घेतलं. शेजारी दुसरी बायको डोरोथेया, पुढे मुलगी आना. तिचे आधी मोकळे रंगवलेले केस नंतर वेण्या घालून बांधले गेले, कारण ती लग्नाच्या वयाची झाली होती. वर्षभरातच, १५२९ मध्ये, बाझेल प्रॉटेस्टंट झालं आणि चर्चमधली चित्रं फोडली गेली. शहराचा धर्म बदलत असताना कॅथलिकच राहिलेल्या माणसाचं हे घर आहे.

बदल शोधायची सवय लावून घ्या. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्समधल्या मेरोड त्रिपटात (तीन फळ्यांच्या चित्रात) डाव्या झडपेवर दाता आहे आणि त्याच्या मागे बायको, पण बायको नंतर रंगवलेली. रोलँच्या चित्राच्या खालच्या रेखाटनात त्याच्या कमरेला मोठी पैशांची थैली होती. रंगवताना ती गाळली. इस्तंबूलच्या हागिया सोफियातल्या अकराव्या शतकातल्या मोझेकमध्ये सम्राज्ञी झोई आणि तिचा तिसरा नवरा नववा कॉन्स्टंटाइन येशूच्या दोन बाजूंना आहेत. त्याच्या हातात देणगीची थैली आहे. तिथल्या चेहऱ्यांच्या जागी नवे खडे बसवलेत आणि नवऱ्याचं नाव बदललंय. दान कायम राहिलं, दाता बदलला.

नववी पायरी : पैसे खुशीने दिले का?

हा प्रश्न विचारल्याशिवाय बघणं पुरं होत नाही. इटलीतल्या मान्तुआत दानिएले दा नॉर्सा हा ज्यू बँकवाला होता. त्याने घेतलेल्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर मरियामातेचं चित्र होतं. बिशपची परवानगी काढून त्याने ते पुसलं. तरी १४९५ मध्ये लोक खवळले. त्याच वर्षी जुलैमध्ये फोर्नोव्होची लढाई झाली, आणि मान्तुआचा सरदार फ्रान्चेस्को गोन्झागा याने स्वतःच्या विजयासाठी मान्तेन्याकडून जे वेदीचित्र करवून घेतलं, त्याचे ११० डुकाट (सोन्याची नाणी) नॉर्साकडून वसूल केले. त्याचं घर पाडून तिथे चर्च बांधलं. ते चित्र आज लूव्ह्रमध्ये आहे. मानाच्या बाजूला चिलखतातला फ्रान्चेस्को गुडघ्यांवर, आणि मरियामातेचा हात त्याच्या डोक्यावर पसरलेला. दात्याच्या सगळ्या खुणा त्याच्यापाशी. पैसे देणारा चित्रात नाहीच.

तो दुसऱ्या चित्रात आहे. मान्तुआच्या सान्त आंद्रेआ चर्चमध्ये काही वर्षांनी काढलेल्या एका मरियामातेच्या चित्रात सर्वांत खाली, संतांच्या पायांखाली, नॉर्सा कुटुंबाची माणसं आहेत. अंगावर ज्यूंना सक्तीने लावावी लागणारी पिवळी खूण. हात जोडलेले नाहीत, चेहरे खिन्न. वर लॅटिनमध्ये लिहिलंय की ज्यूंचा उद्धटपणा मोडून काढला. दात्याच्या जागी बसवलेली ही माणसं कुणाकडून प्रार्थना मागत नाहीत. त्यांना तिथे शिक्षा म्हणून बसवलंय. दोन्ही चित्रांचे फोटो शेजारी ठेवून बघा. मान्तेन्याचा हात कितीही मोठा असला तरी त्याचं चित्र नुसतं सुंदर म्हणून सोडून देणं मला जमत नाही.

सराव कुठे करायचा

प्रवास न करताही खूप काही दिसतं. ‘क्लोजर टू व्हॅन आयक’ या संकेतस्थळावर गेंटचं वेदीचित्र रंगाच्या तड्यांपर्यंत मोठं करून फुकट बघता येतं. खालच्या थरांचे फोटोही आहेत. लूव्ह्र आणि लंडनची नॅशनल गॅलरी यांच्या संकेतस्थळांवरही चित्रं मोठी करता येतात. मोबाइलपेक्षा लॅपटॉप बरा.

प्रत्यक्ष गेलात तर इटलीतल्या चर्चमध्ये सुटी नाणी जवळ ठेवा. बऱ्याच ठिकाणी नाणं टाकलं की वेदीवरचा दिवा काही मिनिटं लागतो. उंचावरच्या चित्रांसाठी छोटी दुर्बीण उपयोगी पडते. मिस्सा चालू असेल तर मागे बसून राहा. पादुआच्या चॅपेलसाठी आगाऊ बुकिंग करावं लागतं, आणि आत सोडण्याआधी हवा स्थिर करायच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात. आतला वेळही मोजका असतो, त्यामुळे एन्रिको कुठल्या भिंतीवर आहे हे आधी बघून जा.

आणि गोव्यात असाल तर जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात जा, पण गुडघे टेकलेला दाता शोधत बसू नका. दात्याची आठवण इथे दुसऱ्या रूपात आहे. मुख्य दालनात दोम जेरोनिमु माश्करेन्यश याचं स्मारक आहे. तो कोचीनचा पोर्तुगीज कॅप्टन, १५९३ मध्ये वारला, आणि त्याने मागे ठेवलेल्या पैशांतून हे चर्च उभं राहिलं. बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं. संत फ्रान्सिस झेवियरच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या तिसऱ्या कोझिमो मेदिचीची देणगी. फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो इथे बसवला. पोर्तिनारी ज्या मेदिची बँकेचा ब्रुजमधला व्यवस्थापक होता, त्याच आडनावाच्या घराण्याचं हे दान. लोक झेवियरच्या पेटीकडे माना उंचावून बघतात. तुम्ही चौथऱ्याच्या चार बाजूंच्या ब्राँझच्या पट्ट्यांकडेही बघा, आणि बाहेर पडताना माश्करेन्यशच्या स्मारकाशी थांबून ते कुणी, कशासाठी दिलं ते वाचा.